वृद्धांची रात्रीची लघुशंका : लाज नको, नोंद हवी

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त पेडणे तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९० साली ठराव करून १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांसाठी राखून ठेवला आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. या दिवशी सभा भरतात, शाल-श्रीफळ अर्पण होते आणि वार्धक्याच्या गौरवाची भाषणे होतात. ती व्हावीतच. परंतु आज मी त्या वाटेने जाणार नाही. सरपंचांनी निमंत्रण देताना मला विषय विचारला. तो मी सांगताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "विषय गरजेचा आहे हो, पण सभेत बोलायचा कसा?" त्यांच्या या प्रश्नातच माझ्या भाषणाचे प्रयोजन आहे. वय झाल्यावर रात्री लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठावे लागते, हा आजचा विषय होय.

आरंभीच सांगतो की मी डॉक्टर नाही. मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. या भाषणातील वैद्यकीय भाग मी जाणकार डॉक्टरांकडून समजावून घेतला आहे. पण हा विषय मी निवडला, तो घरी घडलेल्या एका प्रसंगामुळे.

येथे शिक्षक बसले आहेत. पहिलीतले मूल भर वर्गात करंगळी वर करते आणि साऱ्यांसमक्ष "बाई, एकीला जाऊ?" असे विचारते. त्याला त्यात काही वाटत नाही. तेच मूल सत्तरीचे आजोबा झाले, म्हणजे रात्रीतून चार वेळा उठतात, पण मुलाला सांगत नाहीत, सुनेला तर नाहीच नाही. आणि डॉक्टरांकडे गेले तरी गुडघ्याचे दुखणे सांगून परत येतात. सहाव्या वर्षी जी करंगळी सहज वर होते, ती सत्तराव्या वर्षी का होत नाही, याचा विचार आपण करावयाचा आहे.

आमच्या घरची गोष्ट

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतरही त्यांचा दिनक्रम घड्याळासारखा चाले. पहाटे देवपूजा, मग वर्तमानपत्र, आठवड्यातून दोनदा बसने बाजार, महिन्याच्या आरंभी बँक. घर जुने असल्याने न्हाणी आणि शौचालय मागील अंगणाच्या पलीकडे होते. पाच वर्षांपूर्वी, ते चौऱ्याहत्तर वर्षांचे असताना, आषाढातल्या एका रात्री वीज गेली होती आणि पाऊस कोसळत होता. अण्णा उठले, कोणाला हाक न मारता मागचे दार उघडून बाहेर पडले आणि शेवाळलेल्या अंगणात घसरून पडले. खुब्याजवळचे हाड मोडले.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला विचारले, "हे रात्री किती वेळा उठतात?" मी म्हटले, "एक-दोनदा उठत असतील." कोपऱ्यात बसलेली आई म्हणाली, "चारदा. कधी पाचदाही. दोन वर्षं झाली." त्या घरात मी रोज झोपत होतो. भिंतीपलीकडे माझे वडील दोन वर्षे सलग दोन तास झोपले नव्हते, आणि मला ते ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी पुढे औषधांची चौकशी केली. अण्णांना रक्तदाबासाठी एक गोळी होती. ती लघवीवाटे अंगातील जादा पाणी काढून टाकते, म्हणून ती सकाळी घ्यावयास सांगितलेली होती. अण्णा खाली मान घालून म्हणाले, "मी ती रात्री जेवल्यावर घेतो. सकाळी घेतली तर बसमध्ये, बँकेत पंचाईत होते." म्हणजे दिवसा चारचौघांत अडचण होऊ नये म्हणून त्यांनी गोळीची वेळ आपणच बदलली, आणि ती गोळी त्यांना रात्रभर उठवीत राहिली. शिवाय त्यांचे घोटे रोज संध्याकाळी सुजत. तेही कोणी पाहिले नव्हते, कारण धोतराखाली घोटे दिसत नाहीत.

गोळी पुन्हा सकाळी सुरू झाली. दुपारी पाय उंचावर ठेवून पडण्याची सवय लावली, जेवणातले मीठ कमी केले. दोन महिन्यांत चारदा उठणे एकदा-दोनदावर आले. त्यासाठी वेगळे औषध लागले नाही. पण अण्णांच्या हातातली काठी मात्र सुटली नाही. बसने बाजाराला जाणे संपले ते संपलेच. एक प्रश्न दोन वर्षे आधी कोणी विचारला असता, तर ते आजही स्वतःच्या पायांनी बाजारात गेले असते. हा दोष डॉक्टरांचा नव्हे, अण्णांचाही नव्हे. तो न विचारणाऱ्या मुलाचा आहे, आणि म्हणून मी आज येथे उभा आहे.

हे वय की दुखणे?

"वय झाले की असे व्हायचेच," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यात थोडे सत्य आहे आणि बरीच दिशाभूल आहे. साठीनंतर रात्री एकदा उठावे लागले तर त्यात काळजी करण्यासारखे सहसा काही नसते. परंतु दोन किंवा अधिक वेळा उठावे लागत असेल आणि त्याने झोपमोड होऊन त्रास होत असेल, तर ते लक्षण समजावे. ताप हे जसे लक्षण आहे आणि त्यामागे हिवताप असू शकतो किंवा साधा पडसाही असू शकतो, तद्वत् रात्रीच्या उठण्यामागेही निरनिराळी कारणे असतात. कारण कळल्यावाचून उपाय करणे म्हणजे अंधारात काठी मारणे होय.

कारण समजण्यासाठी शरीराचा व्यवहार थोडा पाहू. निरोगी माणसाला दिवसरात्रीत सामान्यतः एक ते दोन लिटर लघवी होते. मूत्राशयात सुमारे ३०० ते ५०० मिलिलिटर मावते. तरुण वयात रात्र झाली की मेंदूतून एक द्रव्य अधिक प्रमाणात स्रवते आणि ते मूत्रपिंडांना जणू "आता सावकाश" असा आदेश देते. त्यामुळे रात्री लघवी कमी तयार होते आणि माणूस सकाळपर्यंत झोपू शकतो. वय वाढते तसा हा आदेश क्षीण होतो. वयाचा खरा वाटा तो एवढाच. त्यावर इतर कारणांची भर पडली, म्हणजे एकदाचे उठणे चारदावर जाते.

तीन दिवसांची नोंद

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरबसल्या करता येण्याजोगे एक काम आहे, आणि त्याला खर्च नाही. तीन दिवस लघवीची नोंद ठेवावी. एक वही घ्यावी. खुणा असलेले प्लास्टिकचे एक माप घ्यावे आणि ते याच कामासाठी वेगळे ठेवावे. प्रत्येक वेळी लघवी मापात करून वेळ व प्रमाण लिहावे. दिवसभरात पाणी, चहा, पेज, ताक, सोलकढी असे जे जे पातळ पोटात गेले, तेही वेळेसह लिहावे. केव्हा झोपलो, केव्हा उठलो आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, याची नोंद असावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी नातवंडांनी लिहावे. हे तीन दिवस ओळीने नसले तरी चालतात.

रात्रीचा हिशेब करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. झोपल्यापासून उठेपर्यंतची सारी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, ही दोन्ही मिळून रात्रीचे प्रमाण होते, कारण ती सकाळची लघवीही रात्रीच तयार झालेली असते. मात्र किती वेळा उठलो हे मोजताना सकाळची वेळ धरू नये.

आता ही वही काय सांगते ते पाहा.

समजा, दिवसरात्रीचे मिळून दीड लिटर झाले आणि त्यांपैकी रात्रीचे ७०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे. पासष्टीपुढील माणसात रात्रीचे प्रमाण एकूण प्रमाणाच्या एकतृतीयांशाहून अधिक असेल, तर रात्री लघवी जास्त तयार होते असे समजतात. येथे मूत्राशयाचा दोष नसतो. शरीर दिवसाचे काम रात्री करीत असते. दिवसभर उभे राहून वा पाय लोंबते ठेवून बसल्याने पाणी पायांत उतरते, घोटे सुजतात. रात्री आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर काढू लागतात. पायांच्या शिरा अशक्त झाल्याने असे होते. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी पायांना सूज येते, त्यानेही होते. हृदयाचे काम मंदावल्यानेही होते, आणि म्हणूनच सुजलेल्या पायांकडे दुर्लक्ष करू नये. झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडणे, हेही रात्री लघवी वाढण्याचे एक कारण आहे. घोरण्याचा आणि लघवीचा काय संबंध, असे वाटेल, पण तो आहे. श्वास अडला की हृदयावर ताण पडतो आणि त्यातून लघवी वाढविणारे द्रव्य स्रवते.

समजा, दिवसरात्रीचे एकूण प्रमाणच तीन लिटरांवर गेले. दिवसाही फार, रात्रीही फार. तर एक तर पाणी फार पिणे होते, किंवा रक्तातील साखर वाढलेली आहे. या दुसऱ्या शक्यतेकडे गोमंतकीयांनी विशेष लक्ष द्यावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. ते होते २६.४ टक्के. देशाचे प्रमाण त्या पाहणीत ११.४ टक्के होते. रात्रीचे उठणे ही कित्येकांच्या बाबतीत मधुमेहाची पहिली वर्दी असते.

समजा, एकूण प्रमाण ठीक आहे, रात्रीचेही ठीक आहे, परंतु प्रत्येक खेपेस ८० किंवा १०० मिलिलिटरच होते. मग गाऱ्हाणे मूत्राशयाचे आहे. आपल्या भागात खाजनाच्या बांधाला मानस असते, ती सर्वांना ठाऊक आहे. मानशीचे दार नीट उघडले तर ओहोटीला शेतातले पाणी निघून जाते. दारात अडथळा आला तर पाणी अर्धवटच निघते आणि थोडी भर पडताच शेत पुन्हा भरते. पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी जी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, ती उतारवयात वाढते आणि नेमके असेच घडते. धार बारीक होते, जोर करावा लागतो, थेंब थेंब होत राहते, पुरते मोकळे वाटत नाही. साठीच्या सुमारास जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही ग्रंथी थोडीफार वाढलेली असते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र त्याच वयात त्याच ग्रंथीला कर्करोगही होऊ शकतो, म्हणून तपासणी करून घ्यावी. पुष्कळजण शस्त्रक्रियेच्या भीतीने डॉक्टरांकडे जातच नाहीत. वास्तविक अनेकांचे काम गोळ्यांवर भागते. उशीर झाला तरच पर्याय कमी होतात.

लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, मूतखडा, मूत्राशय थोडे भरताच आकसण्याची प्रवृत्ती आणि बद्धकोष्ठ यांनीही थोडी थोडी लघवी वरचेवर होते. बद्धकोष्ठाचा उल्लेख ऐकून आश्चर्य वाटेल, पण भरलेल्या आतड्याचा दाब शेजारच्या मूत्राशयावर पडतो.

आणि वहीत सारेच ठीक दिसले तर? तर स्वतःला एक प्रश्न विचारावा : जावे लागते म्हणून जाग येते, की जाग येते म्हणून जातो? गुडघेदुखी, खोकला, चिंता, दुपारची लांब झोप यांनी झोपच उथळ झाली असेल, तर माणूस जागा होतो आणि जागा झालोच आहोत तर जाऊन येऊ, असे म्हणून उठतो. येथे उपचार झोपेवर करावयाचा असतो, लघवीवर नव्हे.

भगिनींसाठी दोन शब्द

हा त्रास पुरुषांचाच, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. स्त्रियांना तो तितकाच होतो, फक्त त्या बोलत नाहीत. पाळी बंद झाल्यानंतर मूत्रमार्गाची त्वचा नाजूक होते, जंतुसंसर्ग लवकर होतो. बाळंतपणांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, काहींचे अंग बाहेर येते, खोकताना-शिंकताना थेंब गळतात. यांवर उपचार आहेत. एक व्यायाम तर घरीच करण्याजोगा आहे. लघवी आवरून धरताना जे स्नायू आवळले जातात, ते पाच अंक मोजेपर्यंत आवळावेत, मग सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसून, पडून, भाजी निवडताना करावा. कोणाला दिसतही नाही. काही आठवडे नेटाने केल्यास गुण दिसू लागतो. पुरुषांनाही तो उपयोगी आहे.

पाणी, पेज आणि मीठ

पुष्कळ वृद्ध यावर एकच उपाय करतात, तो म्हणजे पाणी तोडणे. हा उपाय नव्हे, हा अपाय होय. पाणी तुटले की लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुर लागते, बद्धकोष्ठ वाढते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो आणि सकाळी उठताना भोवळ येते. पाणी तोडू नये, त्याची वेळ बदलावी. दिवसभराचे पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरेसे प्यावे आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी करावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आपल्याकडील एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. म्हातारपणी रात्री हलके जेवावे म्हणून पुष्कळ घरांत आजी-आजोबांना पेज देतात. पेज पचायला हलकी खरी, पण वाडगाभर पेज म्हणजे वाडगाभर पाणी. तिच्यासोबत खारे मासे, मिठातला आंबा किंवा लोणचे असते. म्हणजे पाण्यासोबत मीठ. हीच पेज सकाळी अकराच्या सुमारास घेतली तर उत्तम, आणि रात्री मऊ भात वा भाकरी असावी. संध्याकाळनंतरचा चहा, कॉफी आणि मद्य हीदेखील लघवी वाढवितात. "झोप लागावी म्हणून थोडीशी" घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ती थोडीशीच मध्यरात्री उठविते.

मिठाविषयी थोडे अधिक बोलतो. आपल्या तालुक्यात मिठागरे आहेत, तेव्हा मिठाची निंदा मी करणार नाही. पण जपानमधील नागासाकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. मीठ जास्त खाणाऱ्या आणि रात्री झोपमोड होणाऱ्या माणसांना त्यांनी बारा आठवडे मीठ कमी करण्यास मार्गदर्शन केले. त्यांपैकी २२३ जणांचे रोजचे मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आले आणि त्यांचे रात्रीचे उठणे सरासरी २.३ वेळांवरून १.४ वेळांवर आले. ज्यांचे मीठ उलट वाढले, त्यांचे उठणेही वाढले. जागतिक आरोग्य संघटना रोज ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ खावे असे सांगते. पापड, लोणचे, सुके मासे रोज न घेता कधीतरी घेतले तरी बराच फरक पडतो.

ज्यांचे पाय सुजतात, त्यांनी दुपारी किंवा संध्याकाळी तासभर उशीवर पाय उंच ठेवून पडावे आणि थोडे चालावे. पायांतील पाणी झोपण्यापूर्वीच निघून जाते.

औषधांच्या बाबतीत एकच नियम आहे. गोळीची वेळ आपण होऊन बदलू नये आणि बदलली असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. आमच्या अण्णांनी केले ते इतरही करीत असतील. सकाळची गोळी अडचणीची वाटत असेल तर तसे सांगावे. डॉक्टर दुपारची वेळ ठरवून देऊ शकतात. ज्या पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांनी सर्दीची गोळी दुकानातून परभारे आणून घेऊ नये, कारण सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी एकाएकी अडते. रात्रीची लघवी थांबविणारे एक औषधही निघाले आहे. परंतु वृद्धांत त्याने रक्तातील क्षार धोकादायक रीतीने उतरू शकतात, म्हणून ते शेजाऱ्याला गुण आला एवढ्यावरून घेण्याजोगे नाही. तीच गोष्ट जाहिरातींतील चूर्णांची आणि काढ्यांची. आधी कारण, मग औषध.

अंथरुणापासून मोरीपर्यंतची वाट

कारण सापडून त्रास कमी होईपर्यंत, आणि नंतरही, उठणाऱ्याची वाट सुरक्षित असली पाहिजे. घरातील कर्त्या माणसाने आज रात्री एकदा दिवे मालवून आपल्या आई-वडिलांच्या अंथरुणापासून मोरीपर्यंत चालून पाहावे. कोठे पायरी अडते, कोठे पायपुसणे घसरते, कोठे बटण हाती लागत नाही, हे आपोआप कळेल. वाटेत मंद दिवा रात्रभर असावा आणि उशाशी विजेरी असावी, कारण आपल्या पावसाळ्यात विजेचा भरवसा धरता येत नाही. फरशी ओली नसावी, अंगणातील शेवाळ खरवडून काढावे, भिंतीला धरायला दांडी असावी. दाराला आतून कडी लावू नये. जाग येताच ताडकन उठू नये. अंथरुणावर मिनिटभर बसावे, मग उभे राहावे, कारण रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताना भोवळ येते. शौचालय अंगणापलीकडे असेल, तर पावसाळ्यापुरते तरी खाटेशेजारी लघवीचे भांडे किंवा भांडे बसविलेली खुर्ची ठेवावी. यात कमीपणा मानू नये. मोडलेल्या खुब्यापेक्षा ते भांडे पुष्कळ बरे.

थांबू नये अशी लक्षणे

काही लक्षणांत तीन दिवसांची वही लिहीत बसू नये. लघवीतून रक्त येणे, मग ते एकदाच आले असो वा न दुखता आले असो. लघवीची जळजळ होऊन थंडीताप येणे. पायांना सूज आणि त्यासोबत दम लागणे, विशेषतः आडवे झाल्यावर. फार तहान लागून वजन घटणे. यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. आणि लघवी अजिबात होत नसून ओटीपोट फुगून दुखत असेल, किंवा पाठदुखीसोबत पायांतील शक्ती अचानक जात असेल, तर रात्र-दिवस न पाहता १०८ क्रमांकाला दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे.

शिक्षक आणि अधिकारी यांना विनंती

शिक्षकबंधूंना विनंती अशी की विज्ञानाच्या तासाला मूत्रसंस्था शिकविताना ही तीन दिवसांची नोंद कशी ठेवावी हे मुलांना शिकवावे. जी गोष्ट आजोबा मुलाला सांगत नाहीत, ती नातवाला सांगतात, असा अनुभव आहे.

माझ्या सहकारी अधिकाऱ्यांना माझे सांगणे थोडे निराळे आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील दर शंभर माणसांत अकराजण साठी ओलांडलेले होते, तर देशात हे प्रमाण साडेआठांच्या आसपास होते. ही माणसे दाखले, निवृत्तिवेतन, औषधे यांसाठी आपल्या दारात येतात आणि तासन्‌तास बाकावर बसतात. तेथे शौचालय नसेल, किंवा असून त्याला कुलूप असेल, तर ती माणसे पाणी पिण्याचे थांबवितात आणि सकाळची गोळी टाळतात. अण्णांनी गोळी रात्रीवर ढकलली, ती याच भीतीने. कचेरीतील शौचालयाची किल्ली आणि एखाद्या वृद्धाचा खुबा यांचा संबंध इतका जवळचा आहे. तेव्हा ज्यांच्या हाती किल्ली आहे, त्यांनी उद्या कचेरी उघडताना ते कुलूपही काढावे. यासाठी कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही.

शेवटी घरातील तरुण मंडळींना एकच सांगावेसे वाटते. शाल-श्रीफळ आज सभेत दिले गेले. घरी गेल्यावर जेवणे आटोपली की आई-वडिलांच्या शेजारी बसा आणि विचारा, "रात्री किती वेळा उठता हो?" पहिले उत्तर "एखाददुसऱ्यांदा" असे येईल. तेथे थांबू नका. पुन्हा विचारा. दुसरे उत्तर बहुधा खरे असते.

आणि समोर बसलेल्या माझ्या ज्येष्ठांना हात जोडून विनंती करतो की विचारल्यावर खरे सांगा, आणि कोणी विचारले नाही तर आपणहून सांगा. शाळेत असताना करंगळी वर करायला आपण लाजलो नव्हतो. आताही लाजू नये.



जय हिंद.